घरच्या वाय-फायवर परके उपकरण दिसल्यास: ओळख, खात्री आणि बंदोबस्त

राउटरच्या यादीत अनोळखी नाव दिसले की बहुतेक घरांत पहिल्यांदा टाचणी शोधली जाते आणि राउटरच्या मागचे रिसेटचे बटण दाबले जाते. सुरुवातीला नेमके हेच करू नये. रिसेट केल्यावर जोडलेल्या उपकरणांची यादी आणि राउटरने ठेवलेल्या नोंदी पुसल्या जातात, म्हणजे घुसखोर खरोखर होता की नव्हता हे कळण्याचा मार्गच बंद होतो. शिवाय सेवा पुरवठादाराने बसवून दिलेल्या फायबरच्या राउटरमध्ये जोडणीचे युजरनेम आणि पासवर्ड साठवलेले असतील तर तेही उडू शकतात, आणि मग केबलवाल्याचा माणूस येईपर्यंत घरातले इंटरनेट बंद राहते. ज्यांनी राउटरचे पान आजवर एकदाही उघडलेले नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे, आणि त्यातला क्रम मोडू नये अशी विनंती आहे, कारण ओळख पटण्याआधी केलेली कारवाई बहुधा स्वतःच्याच उपकरणांवर होते.

शंका कशावरून आली ते आधी पाहावे

इंटरनेट संथ झाले, एवढ्यावरून घुसखोराचा निष्कर्ष काढणे योग्य नाही. दाट वस्तीतल्या इमारतीत २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर एकमेकांवर न चढणारी वाहिन्यांची जागा जेमतेम तीनच असते, १, ६ आणि ११, आणि तेवढ्यात आजूबाजूच्या सगळ्या सदनिकांचे राउटर दाटीवाटीने बोलत असतात. त्यात कोणाच्या फोनमधले फोटो क्लाउडवर चढत असतात, कुठे संगणकाचे अपडेट उतरत असते, आणि काही योजनांत महिन्याची डेटा मर्यादा संपल्यावर पुरवठादारच वेग कमी करतो. म्हणून एक साधी चाचणी करावी. बाकी सगळी उपकरणे वाय-फायवरून उतरवून लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडावा आणि वेग मोजावा. केबलवरही वेग कमी आला तर दोष लाइनचा किंवा पुरवठादाराचा असण्याची शक्यता मोठी. केबलवर पूर्ण वेग मिळाला आणि वाय-फायवर तो पडला तर भिंती, अंतर किंवा गर्दी यांचा विचार आधी करावा.

शंका पक्की करणारी लक्षणे निराळी असतात. राउटरच्या पानाचा पासवर्ड कोणी न बदलता चालेनासा होणे, नेटवर्कचे नाव आपोआप बदललेले आढळणे, बसल्या जागी टीव्हीवर कोणाचा तरी व्हिडिओ सुरू होणे, घरातला कॅमेरा स्वतःहून वळणे, किंवा नेहमीची संकेतस्थळे भलत्याच पानांवर नेऊ लागणे, यांपैकी काही घडले असेल तर पुढचे काम त्याच दिवशी करावे.

राउटरच्या पानापर्यंत पोहोचणे

फोन घरच्या वाय-फायला जोडून सेटिंगमध्ये त्या नेटवर्कचा तपशील उघडावा. अँड्रॉइडवर ‘गेटवे’ आणि आयफोनवर ‘राउटर’ या शब्दासमोर जो आकडा दिसतो तो आपल्या राउटरचा पत्ता होय. बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरच्या राउटरवर तो १९२.१६८.२९.१ असतो. हा पत्ता इंग्रजी अंकांत, ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत टाइप करावा. ‘हे पान सुरक्षित नाही’ अशी सूचना इथे येऊ शकते. पान आपल्याच घरातल्या पेटीतून येत असल्यामुळे त्याला बाहेरच्या संकेतस्थळांसारखे प्रमाणपत्र नसते. पत्ता अचूक टाकला आहे याची खात्री करून पुढे जावे. बँकेच्या पानावर मात्र अशी सूचना आली तर तिथेच थांबावे.

आता पासवर्ड विचारला जाईल. वाय-फायला जोडण्याचा पासवर्ड एक आणि राउटरच्या सेटिंगचा, म्हणजे ॲडमिनचा, पासवर्ड दुसरा, हा फरक नवख्या माणसाने नीट लक्षात घ्यावा. ॲडमिनचा मूळ पासवर्ड पेटीच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलवर असतो. तो अजूनही चालत असेल आणि ‘ॲडमिन’ यासारखा सगळ्यांना ठाऊक असलेला असेल, तर वाय-फायवर आलेला कोणताही पाहुणा आजवर हे पान उघडू शकत होता, हे गृहीत धरूनच पुढे जावे.

पान उघडल्यावर काहीही बदलू नये. जोडलेल्या उपकरणांची यादी, डीएनएसचे (संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या सेवेचे) आकडे, पोर्ट फॉरवर्डिंगचा (बाहेरच्या इंटरनेटवरून घरातल्या उपकरणापर्यंत उघडलेल्या वाटांचा) तक्ता आणि सिस्टीम लॉग, म्हणजे राउटरने ठेवलेल्या नोंदी, या चारही पानांचे स्क्रीनशॉट घ्यावेत. राउटरचे घड्याळ पुष्कळदा चुकीचे असते, त्यामुळे खरी तारीख आणि वेळ वेगळी टिपून ठेवावी. पुढे तक्रार करण्याची वेळ आली तर हीच टिपणे उपयोगी पडतात.

यादी कशी वाचावी

खरे काम इथे आहे. यादीतल्या प्रत्येक ओळीत साधारणपणे एक नाव, एक आयपी ॲड्रेस आणि एक मॅक ॲड्रेस असतो. नावावर विसंबू नये, कारण ते उपकरणाने स्वतःच सांगितलेले असते आणि कोणतेही उपकरण कोणतेही नाव सांगू शकते. काही उपकरणे नावच सांगत नाहीत आणि मग राउटर तिथे ‘अननोन’ लिहून मोकळा होतो. आयपी ॲड्रेस राउटरने तात्पुरता वाटलेला असतो. ओळख पटवण्यासाठी खरा धागा मॅक ॲड्रेसचा. तो बारा चिन्हांचा, दोन-दोनच्या सहा जोड्यांत लिहिलेला असतो, आणि त्यातल्या पहिल्या तीन जोड्या जाळ्याशी जोडणारा भाग बनवणाऱ्या कंपनीच्या नावावर नोंदलेल्या असतात. या जोड्या इंटरनेटवरच्या कोणत्याही मॅक शोधपानावर टाकल्या की कंपनीचे नाव मिळते. फिंगसारखे ॲप हेच काम परस्पर करून देते.

मात्र जे नाव मिळते ते पुष्कळदा आपल्या ओळखीचे नसते, आणि बहुतेक घबराट इथेच सुरू होते. उदाहरणार्थ, पत्ता २४:०ए:सी४ ने सुरू होत असेल तर कंपनी म्हणून ‘एस्प्रेसिफ’ असे नाव येते. असे काही आपण कधी विकत घेतलेले नाही, अशी खात्री घरातला प्रत्येक जण देईल. पण एस्प्रेसिफच्या चिप स्मार्ट बल्ब, स्मार्ट प्लग, गिझरचे वाय-फाय स्विच अशा असंख्य स्वस्त उपकरणांत बसवलेल्या असतात; डब्यावर नाव एका कंपनीचे आणि आत चिप दुसरीची. लॅपटॉपच्या बाबतीत असेच ‘ॲझुरवेव्ह’ किंवा ‘लाइटऑन’ दिसू शकते, कारण आतले वाय-फाय कार्ड त्यांचे असते. गच्चीवर सौर पॅनेल बसवले असतील तर इन्व्हर्टरला लावलेली नोंद पाठवणारी छोटी डबीही वाय-फायवर असू शकते, आणि ती बसवणाऱ्या माणसाने आपलाच पासवर्ड घेऊन जोडलेली असते. याउलट, पत्ता बी८:२७:ईबी ने सुरू होत असेल तर तो रास्पबेरी पाय हा छोटा संगणक असतो. घरात असे काही बाळगणारा कोणी नसेल तर ही ओळ गांभीर्याने घ्यावी.

फोनच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन आपला खरा मॅक ॲड्रेस न देता प्रत्येक नेटवर्कसाठी बनवलेला वेगळा पत्ता देतात. असा बनावट पत्ता ओळखण्याची खूण सोपी आहे: पहिल्या जोडीतले दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई यांपैकी एक असते, जसे ‘डीए’ किंवा ‘७२’. अशा पत्त्याची कंपनी शोधून काही मिळत नाही, आणि काही न मिळणे हा घुसखोरीचा पुरावा नव्हे. नेटवर्क ‘विसरून’ पुन्हा जोडल्यावर तोच फोन नव्या पत्त्याने यादीत येऊ शकतो, त्यामुळे घरात तीन फोन असताना यादीत चार दिसणे शक्य आहे. जुळणी करण्यासाठी प्रत्येक फोनवर वाय-फाय तपशिलात दिसणारा पत्ता कागदावर उतरवावा आणि तो यादीशी ताडून पाहावा.

यादीत दिसलेले प्रत्येक उपकरण या क्षणी जोडलेले असतेच असे नाही. काही राउटर दिलेल्या आयपी ॲड्रेसची मुदत संपेपर्यंत नाव यादीत ठेवतात, आणि ती मुदत बहुधा २४ तासांची असते. काल येऊन गेलेल्या भाच्याचा फोन आज दिसतो तो यामुळे.

खात्री करून घेणे

कागदावर आता दोन रकाने तयार होतील: ओळख पटलेले आणि न पटलेले. न पटलेल्या एखाद्या उपकरणासाठी सर्वांत भरवशाची युक्ती म्हणजे राउटरवरच त्याला ‘ब्लॉक’ करून एक दिवस थांबणे. आपलेच उपकरण असेल तर घरात काहीतरी बंद पडते: हॉलमधला बल्ब फोनला प्रतिसाद देत नाही, प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवतो, आजींचा टीव्ही मालिका लावत नाही. चोवीस तासांत घरातल्या कोणाचीही कसलीही तक्रार आली नाही आणि ती ओळ पुन्हा नव्या पत्त्याने यादीत उगवली, तर संशयाला आधार मिळाला असे समजावे.

त्याआधी घरात चौकशी करावी, आणि ती रागाने करू नये. वाय-फायचा पासवर्ड बहुतेक वेळा कोणी फोडलेला नसतो, तो कोणीतरी दिलेला असतो. मुलांच्या मित्रांनी मागितला, शेजारच्या काकूंना एका दिवसापुरता दिला, एसी दुरुस्तीला आलेल्या माणसाने क्यूआर स्कॅन केला. अँड्रॉइड १० पासून जोडलेल्या कोणत्याही फोनवरून क्यूआर दाखवून पासवर्ड पुढे देता येतो, आणि ज्याला मिळाला तो तसाच तिसऱ्याला देऊ शकतो. ज्याने दिला त्याला दोष देण्यात अर्थ नाही. दोष दिला की पुढच्या वेळी माणसे खरे सांगत नाहीत.

बाहेर काढण्याचा क्रम

इथे क्रमाला महत्त्व आहे. ॲडमिनचा पासवर्ड न बदलता नुसता वाय-फायचा बदलला, तर राउटरच्या पानावर ज्याची पोहोच आहे तो नवा पासवर्डही वाचू शकतो. शक्यतो लॅन केबलने जोडलेल्या लॅपटॉपवरून काम करावे, म्हणजे मध्येच वाय-फाय तुटून काम अर्धवट राहत नाही.

सर्वप्रथम ॲडमिनचा पासवर्ड बदलावा. मग बाहेरच्या इंटरनेटवरून राउटरचे पान उघडण्याची सोय, म्हणजे ‘रिमोट मॅनेजमेंट’, चालू असेल तर बंद करावी. पुरवठादाराच्या देखभालीसाठी वेगळी यंत्रणा काही राउटरांत असते, ती त्यांना विचारल्याशिवाय छेडू नये. पोर्ट फॉरवर्डिंगच्या तक्त्यात आपण किंवा कॅमेरा बसवणाऱ्याने न केलेली नोंद असेल तर स्क्रीनशॉट असल्याची खात्री करून ती काढावी. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या कुप्रोग्रामने जगभरातले असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते प्रामुख्याने कंपनीने दिलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून; त्यामुळे कॅमेऱ्याचा स्वतःचा पासवर्डही याच बैठकीत बदलावा.

डीएनएसकडे विशेष लक्ष द्यावे. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी ही सेवा आहे. ती कोणी बदलली तर आपण बरोबर नाव टाइप करूनही चुकीच्या ठिकाणी पोहोचू शकतो. डीएनएसचेंजर या कुप्रोग्रामने अनेक देशांतल्या संगणकांवर हाच उद्योग केला होता, आणि त्याच्या खोट्या सर्व्हरच्या जागी तात्पुरते उभे केलेले सर्व्हर जुलै २०१२ मध्ये बंद केले गेले तेव्हा न सुधारलेल्या संगणकांचे इंटरनेटच थांबले. डीएनएसच्या जागी ‘आपोआप’ असा पर्याय, पुरवठादाराचा आकडा, किंवा आपण स्वतः ठेवलेला ८.८.८.८ अथवा १.१.१.१ असा आकडा असावा. तिसरेच काही दिसले तर पुरवठादाराला फोन करून तो त्यांचा आहे का ते विचारावे.

यानंतर नवे फर्मवेअर, म्हणजे राउटर चालवणारे आतले सॉफ्टवेअर, उपलब्ध असेल तर ते घालावे. ॲडमिनचा पासवर्ड टाकूनही चालत नाही, किंवा काढलेली सेटिंग पुन्हा येते, असे असेल तरच आता रिसेटचा विचार करावा, आणि त्याआधी पुरवठादाराकडून जोडणीचे युजरनेम, पासवर्ड व इतर सेटिंग लिहून घ्यावीत.

वाय-फायचा पासवर्ड आणि एक घातक सोय

आपल्याकडे घरातल्या कोणाचा तरी मोबाइल क्रमांक वाय-फायचा पासवर्ड म्हणून ठेवण्याची पद्धत फार पसरलेली आहे. ती सोडावी. डब्ल्यूपीए२ या वाय-फाय सुरक्षेच्या पद्धतीत एखादे उपकरण जोडले जात असताना होणारी देवाणघेवाण हवेतून टिपून घेता येते, आणि मग टिपणारा माणूस घरी बसून, आपल्या राउटरला चाहूलही न लागता, एकामागून एक पासवर्ड ताडून पाहू शकतो. भारतातले मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे दहा आकडे, म्हणजे एकूण चारशे कोटी शक्यता. चांगले ग्राफिक कार्ड असलेला संगणक त्या काही तासांत संपवतो. आडनाव आणि जन्मसाल यांची जोडी तर याहूनही लवकर पडते. नियमानुसार पासवर्ड ८ ते ६३ चिन्हांचा असू शकतो. एकमेकांशी संबंध नसलेले पाच मराठी शब्द रोमन लिपीत जोडावेत, जसे खलबत्ता, जिना, पेरू, तगर आणि एसटी. हेच पाच मात्र वापरू नयेत. असा पासवर्ड आजोबांनाही सांगता येतो आणि ताडून काढायला अतिशय कठीण जातो.

बटण दाबून किंवा आठ आकडी पिन टाकून जोडण्याची डब्ल्यूपीएस ही सोय पूर्ण बंद करावी. स्टेफान फीबॉक या संशोधकाने डिसेंबर २०११ मध्ये दाखवून दिले की ही पिन दोन तुकड्यांत तपासली जाते आणि शेवटचा आकडा केवळ पडताळणीचा असतो, त्यामुळे दहा कोटींऐवजी जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत ती सापडते. पासवर्ड कितीही लांब असला तरी ही खिडकी उघडी राहिली तर त्याचा उपयोग नाही.

सुरक्षेच्या प्रकारात डब्ल्यूपीए३ असेल तर तो, नाहीतर डब्ल्यूपीए२ आणि एईएस निवडावे. जुना प्रिंटर डब्ल्यूपीए३ वर जोडला जात नसेल तर दोन्ही चालणारा मिश्र पर्याय घ्यावा. राउटरमध्ये फक्त डब्ल्यूईपी असेल तर तो राउटर बदलावा. ही पद्धत २००१ सालीच मोडीत निघाली आहे. नेटवर्कचे नाव लपवणे आणि ठरावीक मॅक ॲड्रेसनाच परवानगी देणे हे उपाय पुष्कळ सुचवले जातात, पण जाणत्या माणसाला ते अडवत नाहीत आणि घरच्यांना मात्र रोज त्रास देतात, म्हणून मी ते सुचवत नाही.

पासवर्ड बदलल्यावर उपकरणे एकेक करून जोडावीत आणि प्रत्येक वेळी यादीत आलेली ओळ कागदावर नावासह लिहावी. पाहुणे, घरकामाला येणारी माणसे आणि स्मार्ट बल्बसारखी उपकरणे यांना गेस्ट नेटवर्कवर, म्हणजे राउटरनेच पाहुण्यांसाठी दिलेल्या वेगळ्या वाय-फायवर, ठेवावे. तिथून घरातले संगणक आणि फायली सामान्यतः दिसत नाहीत.

तो पुन्हा दिसला तर

अनोळखी ओळ नव्या पासवर्डनंतरही परत आली, तर पासवर्ड पुन्हा बदलण्याआधी बाकीच्या वाटा तपासाव्यात. राउटरच्या लॅन पोर्टमधून निघालेली प्रत्येक केबल शेवटपर्यंत हाताने पाहावी; माळ्यावर किंवा बाल्कनीत जुना राउटर अथवा रिपीटर अजून चालू असतो आणि त्याचा स्वतःचा वेगळा, कधी पासवर्डच नसलेला, वाय-फाय सुरू असतो. त्याची सेटिंग वेगळी असतात, आणि मुख्य राउटरवर केलेले बदल त्याला लागू होत नाहीत. दुसरी वाट घरातल्याच फोनची: नवा पासवर्ड पुन्हा क्यूआरने बाहेर गेला का ते विचारावे. तिसरी म्हणजे एखाद्या संगणकातच शिरलेला कुप्रोग्राम, आणि तसा संशय असेल तर तो संगणक काही दिवस जाळ्यापासून वेगळा ठेवून यादीत काय फरक पडतो ते पाहावे.

दरम्यान आपले काय धोक्यात होते हेही शांतपणे तपासावे. बँकेची आणि ईमेलची पाने आज कूटबद्ध असतात, त्यामुळे वाय-फायवर आलेल्या परक्याला त्यांतला मजकूर सहसा वाचता येत नाही. त्याला सामायिक फोल्डर, प्रिंटर, टीव्ही, कमकुवत पासवर्डचे कॅमेरे मात्र दिसतात. डीएनएस बदललेले आढळले असेल तर त्या काळात ज्या खात्यांत लॉग-इन केले त्यांचे पासवर्ड मोबाइल डेटावरून बदलावेत.

तक्रार

आपल्या जोडणीवरून कोणी काही गैर केले तर चौकशी आधी आपल्या दारात येते. २००८ सालच्या अहमदाबाद बॉम्बस्फोटांच्या वेळी पाठवलेल्या ईमेलचा माग नवी मुंबईतल्या एका घराच्या असुरक्षित वाय-फायपर्यंत पोहोचला होता आणि त्या घरातल्या रहिवाशाला चौकशीला सामोरे जावे लागले होते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ नुसार परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जाळ्यात शिरणे दंडनीय ठरू शकते. कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हाच कायदा आपल्यालाही लागू आहे, म्हणून घुसखोराच्या फोनमध्ये उलट शिरण्याचा प्रयत्न कधीही करू नये, आणि केवळ उपकरणाच्या नावावरून शेजाऱ्यावर आरोपही करू नये.

पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, कारण रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. बाकी प्रकारांसाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंद पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. जाताना स्क्रीनशॉट, खऱ्या वेळेची टिपणे, संशयित मॅक ॲड्रेस, राउटरचा मॉडेल क्रमांक आणि इंटरनेट जोडणीचे चालू बिल सोबत न्यावे, आणि तक्रारीची पोच घेतल्याशिवाय निघू नये.